पेरणीनंतरची अधिसूचना

आदिलाबादकडच्या बाजारहत्नूरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मृगाच्या पावसावर उभी राहते. जूनमध्ये बियाण्याचं पाकीट फोडलं, की शेतकऱ्याला मागे फिरता येत नाही. दिल्लीला मात्र येतं. 2025 मध्ये पेरणीला दोन महिने झाल्यावर, 18 ऑगस्टला, अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून परदेशी कापसावरचा 11 टक्के आयातकर शून्यावर आला. मुदत होती 30 सप्टेंबरची. नवा हंगाम 1 ऑक्टोबरला धरतात, तेव्हा आपला कापूस वाचला असं वाटलं. 21 ऑगस्टला संसदेचं अधिवेशन संपलं आणि 28 ऑगस्टला मुदत वाढली, थेट 31 डिसेंबरपर्यंत. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, दुकानदाराची उधारी फेडण्याचे दिवस, सगळं त्यात सापडलं.

हा कर फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात आला होता. शेतकऱ्यांच्या फायद्यासाठी, असं तेव्हा सभागृहात सांगितलं होतं. काढताना सभागृह लागलंच नाही. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम 25 सरकारला लोकहितासाठी अधिसूचनेने करमाफी देण्याचा अधिकार देतं. ती अधिसूचना पुढे संसदेच्या पटलावर ठेवतात. तोवर परदेशी गाठी बंदरात उतरलेल्या असतात. लोकहित म्हणजे कुणाचं हित, हे बाजारहत्नूरला कुणी विचारलं?

कापड गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. अमेरिकेने 27 ऑगस्टपासून आपल्या मालावर 50 टक्के कर बसवला, तिरुप्पूरच्या कामगारांच्या पोटावर पाय आला. त्यांना मदत मिळायलाच हवी होती. ती तिजोरीतून द्यायची की पऱ्हाटीवाल्याच्या भावातून, हे मात्र चार भिंतींआड ठरवण्याचं काम नव्हे.

हमीभाव आहे ना, असं उत्तर मिळतं. आहे, 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला 8110 रुपये क्विंटल होता. पण आदिलाबादच्या यार्डात गाडी लागली की कापसात ओल मोजायच्या यंत्राच्या सुया खुपसतात. आकडा 8 च्या वर गेला की भाव कापला जातो, 12 च्या वर गेला की सरकारी खरेदी नाही. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस 12 च्या आत बसवायला अंगणात दोन दिवस ऊन लागतं. ज्याच्याकडे ना अंगण ना दोन दिवस, तो व्यापाऱ्याकडे जातो. आणि व्यापाऱ्याचा भाव बंदरावरच्या गाठीकडे बघून ठरतो. हमीभावाची भिंत खरी आहे, पण तिला मोठं खिंडार आहे, आणि करमाफीचं पाणी तिथूनच आत शिरतं.

असे निर्णय कुणी घ्यायचे, हा प्रश्न बाहेरही आहे. आपली मुदतवाढ निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 29 ऑगस्टला, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना बजावलं, की 1977 च्या आणीबाणीच्या कायद्याखाली असे सरसकट आयातकर लावता येत नाहीत. कर बसवणं हा मुळात तिथल्या काँग्रेसचा अधिकार. करारांचंही तसंच. ब्रिटनशी आपण 24 जुलैला व्यापार करार केला. तिथे 2010 च्या कायद्यानुसार असा करार पक्का होण्याआधी संसदेपुढे कामकाजाचे 21 दिवस ठेवावा लागतो. तोच करार, तीच कलमं. आपल्या संसदेची संमती घेण्याचं बंधन मात्र आपल्या सरकारवर नाही. करार करणं सरकारचं काम आहे, हे मी मानतो. शंभर जणांनी वाटाघाटी होत नाहीत. पण सही पक्की होण्याआधी निवडून आलेल्या माणसांनी तो वाचायला नको?

कापसापुरतं मागणं अगदी सरळ आहे. पुढच्या हंगामाचा आयातकर मे महिन्यात, पाकीट फोडायच्या आधी जाहीर करा. मध्येच बदलायचा असेल तर लोकसभेत मांडा आणि मत घ्या. आदिलाबादचे खासदार तिथे बसतात. त्यांनी हात वर केला की खाली ठेवला, ते बाजारहत्नूरला दिसू द्या.