पणजा कोणी पाहिला?

बारावीचा निकाल जवळ आला की मेहकर तालुक्यातल्या डोणगावात घरोघरी जुन्या पेट्या खाली उतरतात. जात पडताळणीला वंशावळ लागते. कागदावर वर पणजा, खाली आजा आणि त्याचे भाऊ, मग बाप, मग पोरगं. आज्याचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा आणायचा, पणज्याचं नाव कोतवाल बुकात शोधायचं. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा हवा. पणजा घरातल्या कोणीच पाहिलेला नसतो, त्याचा फोटोही नसतो. पण म्हणून तो झालाच नाही, असं कोणी म्हणत नाही.

हेच पोरगं त्याआधी दहावीत विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचं पुस्तक उघडतं. २०१८ साली आलेल्या बालभारतीच्या त्या पुस्तकात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. आणि वर्गात ठरलेला प्रश्न येतो : “सर, माकडापासून माणूस झाला, त मंग आताचे माकडं माणसं काहून होत नाहीत?”

प्रश्न चांगला आहे. त्याला हसणारा मास्तर मला शत्रू वाटतो. उत्तर त्या पोराच्याच दप्तरात आहे : तुझा चुलतभाऊ तुझा बाप आहे का? नाही. तुमचा आजा एक. माकडाचं आणि आपलं नातं तसंच, चुलत घराण्याचं. चिंपांझीच्या आणि आपल्या वाटा ६०-७० लाख वर्षांपूर्वी फुटल्या. गावातल्या छपरांवर उड्या मारणाऱ्या वानराचं घराणं त्याच्याही कितीतरी आधी वेगळं झालं. त्याचा आणि आपला मूळ पुरुष आजचं माकडही नव्हता आणि आजचा माणूसही नव्हता.

धडा यायच्या आधी, जानेवारी २०१८मध्ये, औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चूक ठरवलं होतं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिला नाही, हा त्यांचा मुद्दा. उच्च शिक्षण तेव्हा त्यांच्याकडे होतं आणि त्याआधी ते मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी न पाहिलेला गुन्हा पुराव्यावर कसा उभा राहतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडलं. बरं केलं.

आता पुरावाच बघू. दोन घरांच्या जुन्या नकला समोर ठेवा. दोन्हींत एकाच नावात, एकाच जागी, एकच वेलांटी चुकलेली. तहसीलचा कारकूनही सांगेल की दोन्ही नकला एकाच रजिस्टरावरून उतरल्या. आपल्या शरीरात अशी चूक आहे. गाय आणि बकरी क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगात बनवतात. आपल्याला ते जमत नाही, म्हणून लिंबू लागतं, आवळा लागतो. ते बनवणारं जनुक आपल्यात आहे, पण मोडकं. चिंपांझीतही ते मोडकं आहे, माकडांतही. गिनिपिगालाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याचं जनुक वेगळ्या जागी मोडलंय. त्याची नक्कल दुसऱ्या दस्ताची. मला या एका उदाहरणापुढे बाकीचे पुरावे फिके वाटतात. आणि आपल्या भाषेनं तर शेपटीच्या उरल्यासुरल्या टोकाला नावच माकडहाड दिलंय.

‘पण होताना कोणी पाहिलं?’ वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं पाहिलं. माकडाचं नाही, बोंडअळीचं. २००२ साली अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांची आली. गुलाबी बोंडअळी मरायला लागली. पण हजारोंत एखादी अळी जन्मजात ते विष पचवणारी होती. ती जगली, तिची पिल्लं जगली, त्यांनाही ते पचलं. पाकिटासोबत मिळणारं बिगर-बीटी बियाणं कडेनं लावायचं होतं, म्हणजे साध्या अळ्याही टिकल्या असत्या आणि त्यांच्याशी संकर होऊन तो गुण पातळ झाला असता. फार थोड्यांनी लावलं. वर फरदडीची कपाशी मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला हंगामानंतरही घर. २०१७ साली विदर्भात बोंडं फोडली तर आत कापसाऐवजी कवडी आणि तिच्यात गुलाबी अळी. पंधरा वर्षांत, आपल्या बांधावर, निसर्गानं निवड करून दाखवली. त्याची किंमत बापानं मोजली, आणि त्याच्या पोराला वर्गात ‘नैसर्गिक निवड’ हा दोन गुणांचा प्रश्न म्हणून घोकायला लावतात. याचा मला राग येतो.

२०२३ साली एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली, ओझं कमी करायचं म्हणून. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. दहावीनंतर जो कलेकडे, आयटीआयकडे किंवा शेतीकडे जातो, त्याची उत्क्रांतीशी शेवटची भेट दहावीतच. तीच काढली तर सलग चौथ्या वर्षी तेच औषध का लागू पडत नाही, हे तो फवारणी करताना कोणाला विचारणार? कृषी केंद्रवाल्याला? तो आणखी एक डबा देईल.

आपल्या राज्याच्या पुस्तकात धडा शाबूत आहे. मेहकर तालुक्यातल्या मास्तरांनी तो टिपा लिहून देऊन उरकू नये. कपाशी फुलावर आली की वर्ग बांधावर न्यावा. मिटलेली, गुलाबासारखी दिसणारी डोमकळी पोरांना शोधायला सांगावी. एकानं ती नखानं उघडावी, आतली अळी तळहातावर घ्यावी, आणि सरांनी विचारावं : हिचा पणजा कोणता, आणि तो कशानं वाचला?