फुकटची कोथिंबीर

दोनशे रुपयांची भाजी घेऊन झाल्यावर पिशवीचं तोंड पुढं करून जो 'मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका' म्हणतो, त्याला एका पावसाळ्यापुरती एक कुंडी कायद्यानं सक्तीची करावी, असं माझं ठाम मत आहे. शिक्षा म्हणून नव्हे, शिक्षण म्हणून. अभ्यासक्रम सोपा आहे. डब्यातले धने चपलेखाली हलकेच रगडून दुभंगायचे, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब दिसतात आणि आम्हा कुंडीवाल्यांची मान ताठ होते. बारा इंची कुंडीचा मालक बारा एकरांच्या बागायतदारासारखा गॅलरीत उभा राहून आभाळाकडे बघू लागतो. दुर्दैवानं, आभाळही त्याच्याकडे बघतं.

'पाणी हेच जीवन' हे वाक्य निबंधात शोभतं, कुंडीत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सततच्या पावसानं मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, की मुळं गुदमरतात, कुजतात आणि वरची पानं तहानल्यासारखी माना टाकतात. ते बघून कनवाळू मालक आणखी तांब्याभर पाणी घालतो. बुडालेल्याला पाणी पाजण्याचा हा प्रकार फक्त शिकल्यासवरल्या लोकांतच आढळतो. त्यातून वाचलेल्या रोपांना पिथियमसारखी बुरशी बुंध्याशी गाठते. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी साष्टांग नमस्कारात असतं. उरलंसुरलं नत्र भोकातून निथळून खालच्या मजल्याच्या वाळत्या कपड्यांवर जातं. फुकटात खत मिळूनही ती माणसं तक्रार का करतात, हे कोडंच आहे.

पण कोथिंबिरीचं दुःख दुधीपुढं काहीच नाही. दुधीच्या वेलावर नरफुलं आधी येतात. म्हणजे वरपक्ष आठवडाभर आधीच येऊन मांडवात बसलेला. मांडव दोन्ही अर्थांनी खरा. मुलीकडची मंडळी सावकाश येतात. मादीफुलाच्या देठाशी बोटाएवढा दुधी आधीच असतो, त्यामुळं ओळख पटायला अडचण नाही. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, म्हणजे मुहूर्त गोरज. आता मध्यस्थ हवा. पण निशाचर पतंग असो वा मधमाशी, धो धो पावसात कुणी घराबाहेर पडत नाही. परागकण म्हणजे अक्षता, त्या भिजून फुटतात. लग्न न लागलेला तो इवला दुधी दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. मग एरवी कुणाच्या लग्नाच्या भानगडीत न पडणारी प्रतिष्ठित माणसं एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रंगकामाचा ब्रश घेऊन या फुलावरून त्या फुलाकडे फिरतात आणि समोरच्या इमारतीतून कुणी पाहिलं तर घड्याळ बघितल्यासारखं करतात.

यावर आक्षेप येणारच. घरची भाजी स्वस्त पडते, हा पहिला. कुंडी, कोकोपीट, गांडूळखत आणि निंबोळी तेलाची बेरीज करून तिला हाती लागलेल्या भेंड्यांनी भागावं. आक्षेप आपोआप मागं घेतला जातो. विषमुक्त असते, हा दुसरा. तो मान्य, गोगलगायींनाही मान्य आहे. तिसरा मात्र वजनदार आहे: शेतकऱ्याला शेती येते, तुम्हाला येत नाही, तुमच्या फजितीवरून त्याच्या कष्टांची किंमत कशी ठरवता? बरोबर. त्याला वाफा उंच करणं, चर काढणं, वाण निवडणं हे सगळं येतं. पण या युक्तिवादात एक खाच आहे. जोर वाढला, की मी कुंडी उचलून आत घेऊ शकतो. वावर उचलून आत घेता येत नाही. 2025 साली 11 जूनला अपेक्षित असलेला मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत येऊन थडकला, आणि त्याआधीच्या वळवाच्या पावसानं नाशिककडचा काढणीचा कांदा रानातच भिजवला होता. तिथं अनुभव कमी पडला नव्हता, छप्पर नव्हतं. आणि अशाच पावसाळ्यांत जुडी महागली, की 'काय हो, सोनं विकताय का?' हा विनोद आपण दरवर्षी नव्यानं करतो. समोरची बाई हसत नाही, ती जुडीवरची कुजकी पानं खुडत असते. त्या पानांचे पैसे तिनं पहाटेच मोजलेले असतात.

तेव्हा कुंडीतून भाजी मिळते, हा आमचा दावा खोटा. कुंडीतून भाव कळतो, एवढंच खरं पीक. ज्यानं एक पावसाळा धने कुजवलेत, त्यानं कोथिंबीर फुकट मागू नये. किती झाले ते विचारावं आणि मुकाट्यानं द्यावेत. या तत्त्वाला माझा बिनशर्त पाठिंबा आहे. कढीपत्त्याविषयी मात्र मी वर कुठंही काही म्हटलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.