शेपटीत सीआयडी

खुनाचे इतके प्रकार असतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. भावाला मारलं तर फ्रॅट्रिसाइड, बापाला मारलं तर पॅट्रिसाइड, आईला मारलं तर मॅट्रिसाइड आणि राजालाच मारलं तर रेजिसाइड. आपल्याकडे कुणालाही मारा, कलम एकच. पूर्वी ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेतलं १०३ झालं. इंग्रजीनं मात्र नात्यागणिक वेगळा शब्द शिवून ठेवला आहे.

ही सगळी खुनाखुनी आमच्या ओट्यावर रोज सकाळी चहाच्या आधी चालते. पुतण्या तलाठी भरतीची तयारी करतो. आमच्या शिरूर कासारमध्ये ज्याच्या घरात पोरगं आहे त्याच्या घरात कसली ना कसली तयारी चालू असतेच. पोलीस भरतीच्या लेखीला इंग्रजी नाही, पण तिथं आधी १६०० मीटर धावावं लागतं. पुतण्यानं दोन्हींचा विचार केला आणि धावण्यापेक्षा इंग्रजी बरं असं ठरवलं. तलाठ्याच्या पेपरात १०० प्रश्न, त्यातले २५ इंग्रजीचे. २०२३ साली ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. एवढ्या गर्दीत एकेक शब्द सुटा पाठ करत बसलं तर तलाठी होईपर्यंत निवृत्तीचं वय व्हायचं. म्हणून अभ्यासिकेतल्या पोरांनी युक्ती काढली आहे : शब्दाचं तोंड बघायचं नाही, शेपटी बघायची.

युक्ती तशी खोटी नाही. शब्दांनाही भावकी असते. शेवटची अक्षरं हे त्यांचं आडनाव. शेवटी 'फोबिया' असलं की घाबरट घराणं, 'मॅनिया' असलं की झपाटलेलं, 'क्रसी' असलं की राज्य करणारं, आणि 'साइड' असलं की मारेकरी. त्यातही मारेकऱ्यांची खूण पोरांना फार आवडते, कारण स्पेलिंगच सी, आय, डी, ई. खून झाला की मागोमाग सीआयडी येणारच, एक 'ई' नुसता बघ्या म्हणून उभा. टीव्हीवर दरवाजे तोडणाऱ्या दयाला बघत ही पिढी मोठी झाली, तिला याहून सोपं काय सांगणार? कापसावर मारायचं इन्सेक्टिसाइड कृषी सेवा केंद्रातच भेटलेलं असतं. त्या शेपटीचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ कापणं किंवा मारणं. 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार, हा शब्द तर राफाएल लेमकिन नावाच्या कायदेपंडितानं १९४४ साली घडवला. तोंड ग्रीक, शेपटी लॅटिन. आंतरजातीय विवाह म्हणायचा, फक्त विषय भयंकर.

पण आडनावावरून सोयरीक जुळवणाऱ्यांची जशी फजिती होते तशी इथंही होते. मी विचारलं, "कोइन्साइड?"

पुतण्या एका दमात म्हणाला, "चार-पाच जणांनी मिळून केलेला खून."

आता कोइन्साइड म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडणं. जसं, भावकीत लग्न आणि ऊसतोडीची गाडी निघणं. शेपटी तीच, पण मूळ 'पडणं' या धातूचं. मारेकऱ्यांशी त्याचं सोयरसुतक काही नाही. मी त्याला समजावलं की बाबा, पुण्याकडचं घोडनदीचं शिरूर वेगळं, लातूरचं शिरूर अनंतपाळ वेगळं आणि बीडचं आपलं शिरूर कासार वेगळं. नाव तेच म्हणून त्या शिरूरचा पाऊस या शिरूरला पडतो का? हे त्याला चटकन पटलं. त्यानं मागवलेले पुस्तकांचे गठ्ठे एकदा घोडनदीला जाऊन आले होते.

फ्रॅट्रिसाइड मात्र त्याला समजावून सांगावा लागला नाही. दोघा भावांमधला बांध रात्रीतून वीतभर सरकला की गावात काय काय होतं हे तो लहानपणापासून बघतोय. उद्या तलाठी झालाच तर याच शब्दाच्या आसपास सातबारा घेऊन हिंडायचं आहे. परीक्षा घेणाऱ्यांनी एवढा एक शब्द तरी विचारपूर्वक निवडला असावा.

फोबियाचं प्रकरण अवघड गेलं. हायड्रोफोबिया म्हणजे पाण्याची भीती, पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर होते ती. आमच्या तालुक्यात पाण्याला घाबरायचं म्हणजे आधी पाणी पाहिजे. टँकरच्या मागं घागर घेऊन पळणाऱ्या गावाला हा शब्द शिकवणं म्हणजे चेष्टाच वाटायची. मग २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा नदी थेट गावात शिरली. त्या आठवड्यात हायड्रोफोबियाचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही.

हे सगळं आमचे आबा बाजेवर पडून ऐकत असतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, दफ्तराची भाषा उर्दू. आबांनी तेव्हा उर्दूची बुकं वाचली, ती अजून पाठ आहेत. एकदा ते उठून बसले.

"आरं, शेपट्या काय इंग्रजाच्या घरच्या हायत का? तहसीलदार, फौजदार, हवालदार, ठेकेदार. दार म्हंजी धरणारा. लाचखोर, व्याजखोर, चुगलखोर. खोर म्हंजी खाणारा."

"आबा, दोन्ही शेपट्या एकालाच लागल्या तर?" पुतण्यानं विचारलं.

"तवा बदली व्हती," आबा म्हणाले आणि आडवे झाले.

या शेपट्या मुळात फारसी. पण आबांपुढं ते बोलायची माझी छाती नाही.

मला खरी गंमत वाटते ती 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन'ची. म्हणजे लांबलचक वाक्य द्यायचं आणि त्याला एक शब्द मागायचा. पोरं त्यात गटांगळ्या खातात. पण दिवाळीच्या आगेमागे तालुका रिकामा करून पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊस तोडायला जाणाऱ्या माणसांनी हा विषय कधीच कोळून प्यायलाय. नवरा-बायकोनं मिळून ऊस तोडायची जोडी : कोयता. एकटाच गडी असेल तर : अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे : उचल. कामाचा बुडालेला दिवस : खाडा. एका शब्दात संसार, एका शब्दात कर्ज. पेपर काढणाऱ्यांनी एखादा प्रश्न इथला टाकला तर अर्धा तालुका पैकीच्या पैकी मार्क घेईल. पण नाही, विचारणार ट्रिस्कायडेकाफोबिया, म्हणजे तेराच्या आकड्याची भीती. आमच्याकडे तेरावं म्हटलं की लोक जेवायला जातात.

परवा 'क्रसी'वाली भावकी चालली होती. डेमोक्रसी झाली, ब्युरोक्रसी झाली, ऑटोक्रसी झाली. मग पुतण्यानं खणखणीत आवाज लावला, "काकिस्टोक्रसी! सगळ्यात नालायकांचं राज्य!"

स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला.

"कुणाचं राज्य म्हणलास रं?"

"तुझं नाय काकी! ग्रीक हाय ते. काकिस्टोस म्हंजी सगळ्यात वाईट."

"बरं. मग आज त्या ग्रीक काकीला म्हणावं वाढ जेवायला."

त्या दिवशी आम्ही दोघांनी बस स्टँडवर मिसळ खाल्ली. माझा काहीच गुन्हा नव्हता, पण कोइन्साइड म्हणतात तो हाच.

परत आल्यावर पुतण्यानं मोबाइल पुढं केला. नवी जाहिरात निघाली होती, फी भरायची होती. मागच्या तलाठी भरतीला खुल्या गटाला हजार आणि राखीवला नऊशे रुपये होते. ही फी त्याहून फार मागं नव्हती. सौभाग्यवतीचा राग तोवर उतरला होता. तिनं आबांनाच विचारलं, "मामंजी, जो नुसते फॉर्मच भरीत राहतो त्याला एका शब्दात काय म्हणायचं?"

"फॉर्मखोर," आबा डोळे न उघडता म्हणाले.

"आन् त्याची फी भरणाऱ्या ह्यांना?"

"कर्जदार."