कोपराची साक्ष

मनुष्य स्वतःविषयी जी अनेक विधाने छातीठोकपणे करतो त्यांत ‘मी घोरत नाही’ हे सर्वांत निराधार होय. कारण हा गुन्हा घडतो त्या वेळी आरोपी देहाने घटनास्थळी हजर असला तरी शुद्धीने गैरहजर असतो. तरीही तीस वर्षे मी हे विधान निष्ठेने करीत आलो आणि सौभाग्यवतीची फिर्याद पुराव्याअभावी दप्तरदाखल करीत आलो. परंतु गेल्या श्रावणात, एका सत्कारसमारंभाचे अध्यक्षस्थान भूषवीत असता, सत्कारमूर्तींच्या भाषणाला समोरच्या ध्वनिक्षेपकातून माझी जी साथ लाभली ती दीडशे साक्षीदारांनी ऐकली, आणि प्रकरण निद्राविकारांच्या डॉक्टरांकडे वर्ग करणे भाग पडले.

डॉक्टरांनी शिंप्याप्रमाणे माझ्या गळ्याचे माप घेतले व एक छापील तक्ता पुढे सरकवला. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या या तक्त्यात आठ प्रसंग असतात. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांनी आपली आपणच मोजावयाची, आणि बेरीज दहाच्या वर गेली की दिवसाची पेंग प्रमाणाबाहेर समजावयाची. आमच्या पूर्वजांनी वामकुक्षी हे भारदस्त नाव देऊन जिची प्रतिष्ठा वाढवली, त्या दुपारच्या झोपेलाही येथे गुण लागलेले पाहून मी व्यथित झालो आणि एकंदर सात गुण मांडून मोकळा झालो. सौभाग्यवतीने चष्मा लावून जमाखर्च तपासला.

“अहो, ‘कुणाशी बोलत बसले असताना’ इथं शून्य कसं? परवा मी विजेच्या बिलाचं सांगत होते तेव्हा?”

बेरीज सतरा झाली, आणि डॉक्टरांनी तिचीच कायम केली.

पुढे एका रात्रीची नजरकैद झाली. मेंदूचे तरंग टिपण्यासाठी टाळूवर, बुबुळांची हालचाल टिपण्यासाठी डोळ्यांच्या कडांना, शिवाय हनुवटीवर आणि नडग्यांवर तारा चिकटल्या. छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा, लाल उजेडाचा चिमटा! मुंडावळ्या सुटल्यापासून इतकी आभूषणे या देहाने धारण केली नव्हती. केसांत चिकट लेप थापून झाल्यावर तो तंत्रज्ञ मुलगा प्रेमाने म्हणाला, “काका, आता अगदी घरच्यासारखं झोपा.” मध्यरात्री लघुशंकेस जाण्यासाठी मला त्याला हाक मारावी लागली, आणि तारांची पेटी गळ्यात अडकवून मी निघालो तेव्हा आरशात दिसलेला गृहस्थ मला ओळखीचा वाटला नाही.

सकाळी पंचनामा वाचला गेला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बुजते, प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, वाट मोकळी करतो आणि पुन्हा निजतो. या धावपळीची वर्दी मालकाला मिळतच नाही. श्वास दहा सेकंद वा अधिक अडला अथवा फार उथळ झाला की एक नोंद. तासाला पाचांच्या आत क्षम्य, तिसांच्या वर गंभीर. माझी नोंद होती 34. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली मांडलेली, नाकावाटे दाबाने हवा देऊन ही वाट उघडी ठेवण्याची तजवीज माझ्यासाठी फर्मावण्यात आली.

कागदाच्या तळाशी मात्र एक ओळ होती: बहुतेक नोंदी रुग्ण उताणा असतानाच्या, कुशीवर वळताच त्या ओसरल्या. ती वाचून सौभाग्यवतीने माझ्याकडे केवळ पाहिले. तीस वर्षे रात्री-बेरात्री माझ्या बरगड्यांत बसणारे आणि मला कुशीवर वळवणारे ते कोपर, ज्याला मी सकाळच्या चहाबरोबर जुलूम म्हणत आलो, ते औषध होते. फिर्यादी समजून जिला मी तीस वर्षे परतवले, तीच माझी पहिली वैद्य होती.

म्हणून वाचकहो, रात्री कोपर बसत असेल तर सकाळी भांडू नका. डॉक्टरांकडे जा, आणि जाताना कोपर मारणाऱ्या माणसाला बरोबर न्या. तुमच्या झोपेची हकीकत ठाऊक असलेले घरात तेवढे एकच माणूस आहे.