पुढील भाग शुक्रवारी

चालू मालिकेबद्दल कुणी मत विचारलं तर मी देते, पण त्या मताची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंतच असते. शुक्रवारी नवा भाग येतो आणि जुनं मत घरातल्या घरात निकालात काढावं लागतं. संपलेल्या कादंबरीवर बोलणं सोपं आहे. ती कुठे पळून जात नाही. जपानी ॲनिमे, म्हणजे चित्रमालिका, मात्र आपण बोलत असतानाच पुढे सरकते. ज्याला आपण नायक म्हणतो तो मरतो, ज्याला शिव्या घालतो तो आवडायला लागतो, आणि मागच्या आठवड्यात आपण छातीठोकपणे काय म्हणालो होतो ते कुणीतरी नेमकं लक्षात ठेवलेलं असतं. आमच्या घरात हे खातं माझ्या मुलाकडे आहे.

सध्या आमच्याकडे ‘फ्रीरेन’चा दुसरा हंगाम चालू आहे. तो २०२६च्या १६ जानेवारीला सुरू झाला. पहिला संपला होता २०२४च्या २२ मार्चला. मधली जवळजवळ बावीस महिन्यांची प्रतीक्षा मी शांतपणे केली, असं मी सांगते. मुलगा वेगळं सांगतो.

जपानमध्ये ही मालिका शुक्रवारी रात्री अकराला लागते. तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे आपले साडेसात वाजलेले असतात. तिथल्या बहुतेक ॲनिमे अशा अपरात्रीच दाखवतात. दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात ते लोक रात्री साडेबाराला २४:३० लिहितात आणि एकला २५:००. झोपेपर्यंत दिवस संपला असं मानायचंच नाही, हा हिशेब मला फार पटतो. पण जपानची ही निवांत रात्र आपल्याकडे येते ती थेट कुकरच्या शिट्टीत आणि मराठी मालिकांच्या ऐन वेळेत. साडेसात वाजता दिवाणखान्यातला टीव्ही सासूबाईंचा असतो. त्यावर वाद नाही. मी कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसते, कानात बोंडं घालून. एकाच खोलीत दोन मालिका चालतात. त्यांच्या मालिकेत कुणीतरी कुणाच्या दुधात काहीतरी मिसळत असतं, आणि माझ्या मालिकेत तिघं जण बर्फातून चालत असतात.

खरंच, चालतच असतात. फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ जादूगारीण. हिमेल नावाचा वीर, हायटर हा पुरोहित आणि आयझेन हा बुटका योद्धा यांच्याबरोबर दहा वर्षं भटकून तिने राक्षसांच्या राजाला मारलेलं आहे. इतर कथा जिथे संपतात तिथे ही सुरू होते. चौघं मिळून उल्कावर्षाव पाहतात, पन्नास वर्षांनी पुन्हा पाहू म्हणतात आणि पांगतात. फ्रीरेन पन्नास वर्षांनी परत येते. तिच्या चेहऱ्यावर काही फरक नाही. हिमेल म्हातारा होऊन टक्कल पडलेला. थोड्याच काळात तो जातो, आणि त्याच्या अंत्यविधीला तिला उमगतं की या माणसाला आपण नीट ओळखतसुद्धा नव्हतो. मग फर्न ही शिष्या आणि स्टार्क हा तरुण योद्धा यांना घेऊन ती जुन्याच वाटेने पुन्हा निघते. मधूनमधून पडद्यावर अक्षरं उमटतात: वीर हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं. आपल्याकडे शकाची गणना व्हावी तशा थाटात.

एका शुक्रवारी सासूबाईंच्या मालिकेत जाहिराती लागल्या आणि त्या माझ्या पडद्यावर डोकावल्या.

“अगं, ही मुलगी किती वर्षांची?”

“हजाराच्या वर, आई.”

“लग्न?”

“नाही झालेलं.”

“मग बरोबर आहे,” त्या म्हणाल्या आणि आपल्या मालिकेकडे वळल्या.

तेव्हापासून जाहिरातींच्या वेळेत त्याही फ्रीरेन पाहतात. संवाद त्यांना कळत नाहीत, पण फर्न गाल फुगवून बसली की सून कुठल्या जातीची रुसली आहे हे त्यांना बरोबर समजतं.

मला या बाईचा एक गुण विशेष आवडतो. तिला निरुपयोगी जादू गोळा करण्याचा नाद आहे. गोड द्राक्षं आंबट करण्याचा मंत्र तिच्या संग्रहात आहे, कारण आयझेनला आंबट द्राक्षं आवडतात. (नाशिककडच्या बागायतदारांना याचं कौतुक वाटणार नाही, त्यांच्याकडे हे काम अवकाळी पाऊस फुकटात करतो.) भुयारात खजिन्याची पेटी दिसली की ती खोटी, म्हणजे माणसाला गिळणारी, आहे हे मंत्र तिला सांगतो. तो मंत्र नव्व्याण्णव टक्के अचूक असतो. ती उरलेल्या एका टक्क्याच्या आशेने पेटी उघडते, आत अर्धी अडकते आणि बाहेर नुसते पाय हलताना दिसतात. सेलच्या दिवसांत मीही साड्यांच्या दुकानात अशीच दिसत असणार.

पहिल्या हंगामातल्या जादूगारांच्या परीक्षेबद्दल मात्र माझं मत बरं नाही. अठराव्या भागापासून ती सुरू झाली आणि हंगाम संपेपर्यंत चालली. पुष्कळांना तोच भाग सगळ्यात आवडतो. मारामाऱ्या देखण्या आहेत, मान्य. पण आमच्या घरात परीक्षा मुळातच पुरेशा असतात. मला ही मंडळी चालताना हवीत.

चालू मालिका पाहणाऱ्यांत तीन भागांचा एक अलिखित नियम आहे: तीन पाहा, मग ठरवा. या नियमाला मोठं बळ २०११च्या ‘माडोका मॅजिका’ने दिलं. गुलाबी रंग, गोंडस मुली, जादूची कांडी. पहिले दोन भाग पाहून लोकांनी हे लहान मुलींसाठी आहे असं ठरवून टाकलं. तिसऱ्या भागात काय झालं ते सांगत नाही. त्यानंतर जपानमध्ये गोंडस मुलींकडे लोक जरा संशयाने पाहायला लागले. त्याच मालिकेचे शेवटचे भाग यायचे होते आणि ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी आली. प्रसारण थांबलं. कथेचा शेवट पाहायला लोकांना एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत थांबावं लागलं. त्या दिवसांत एखाद्या चित्रमालिकेची वाट पाहणं क्षुल्लक वाटलं असेल असं आपल्याला वाटतं. पण माणसं वाट पाहत होतीच. खोट्या मुलींचं काय होतं ते कळायला हवं होतं.

२०२४च्या ऑक्टोबरपासून एनएचकेवर पंचवीस भाग चाललेली ‘पृथ्वीच्या चलनाविषयी’ ही मालिका तर हा नियम मुद्दाम मोडायलाच काढली असावी. पंधराव्या शतकातला युरोप, पृथ्वी फिरते म्हणणाऱ्याला जाळण्याचे दिवस, आणि एक अतिहुशार पोरगा. त्या पोरात मी जीव गुंतवला. तिसऱ्या भागात तो गेला. पुढे नवा माणूस आला, त्याच्यात जीव गुंतवायचा की नाही याचा विचार करण्यात माझे दोन आठवडे गेले. मालिकेचं म्हणणंच असं होतं की माणसं जातात आणि कल्पना पुढच्याच्या हातात पडते. हे पटलं. पण दर महिन्याला नवा नायक शोधायचा म्हणजे प्रेक्षकाचेही हाल असतात.

नियम लावायची गरजच पडत नाही अशाही पुष्कळ मालिका असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे वर्षाचे चार हंगाम, आणि प्रत्येकात मरून दुसऱ्या जगात जन्म घेणाऱ्यांची एक तुकडी ठरलेली. या मालिकांची नावं वाचली की कथा वाचायला नको. २०२३च्या जुलैत एक आली, तिच्या नावाचा अर्थ साधारण ‘विक्रीयंत्र होऊन पुनर्जन्म झाल्याने मी आता भुयारात भटकतो’ असा होता. नायक खरोखरच नाणं टाकलं की थंड पेयाची बाटली देणारं यंत्र होतो. आपल्या चौऱ्यांशी लक्ष योनींत ही धरली आहे का, असं मी सासूबाईंना विचारलं. त्याने मागच्या जन्मी काय केलं होतं, असं त्यांनी विचारलं. त्याचा जीव विक्रीयंत्राखाली सापडूनच गेला होता हे सांगितल्यावर, “मग अंते मति सा गति,” म्हणून त्यांनी प्रकरण मिटवलं. त्या यंत्राचा दुसरा हंगामही येऊन गेला.

वाट पाहणाऱ्यांची सगळ्यात क्रूर थट्टा झाली ती २००९च्या उन्हाळ्यात. ‘हारुही सुझुमिया’ नावाच्या लाडक्या मालिकेत एक कथा होती: सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा येत राहतात आणि एक पात्र सोडून कुणाला आठवत नाही. ही गोष्ट एका भागात सांगता आली असती. क्योतो ॲनिमेशनने आठ भाग केले. आठ आठवडे, दर आठवड्याला जवळपास तीच गोष्ट. तोच पोहण्याचा तलाव, तोच उत्सव, तेच संवाद. आणि जुनं चित्रण परत दाखवलं असंही नाही. प्रत्येक भाग नव्याने काढला, नव्याने आवाज दिले, कपडे बदलले. कथेतली पात्रं त्या फेऱ्यात १५,५३२ वेळा अडकतात असं तिथे सांगतात. प्रेक्षक आठच वेळा अडकले, पण ओरड अशी झाली की अजूनही त्या आठ भागांचं नाव काढलं तर जुने चाहते खुर्चीत अस्वस्थ होतात. मला मात्र हा प्रयोग धाडसी वाटतो. कंटाळा कसा असतो हे कंटाळा आणून सांगितलं. सासूबाईंना मी ही हकिगत रंगवून सांगितली. आठ आठवड्यांत गोष्ट पुढे सरकली नाही यात विशेष काय, हे त्यांच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही.

दर आठवड्याला नवी चित्रकथा देण्याचा हा हट्ट जुना आहे. १ जानेवारी १९६३ला ओसामू तेझुकांचा ‘ॲस्ट्रो बॉय’ जपानी दूरचित्रवाणीवर आला. अर्ध्या तासाचा भाग, दर आठवड्याला, आणि तोही त्यांनी स्वस्तात देऊ केलेला. मग चित्रं वाचवायची. बोलताना नुसतं तोंड हलवायचं, एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवायचं. ती काटकसर पुढे शैली झाली, आणि तो स्वस्त सौदा मात्र चित्रकारांच्या मानेवर बसला. २०२३मध्ये ‘जुजुत्सु कायसेन’चा दुसरा हंगाम चालू असताना त्यावर काम करणाऱ्या काही चित्रकारांनी समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिलं की आता हात चालत नाही, वेळच मिळत नाही. पडद्यावर तेव्हा काय अफाट दिसत होतं! त्यामुळे एखाद्या आठवड्यात नव्या भागाऐवजी मागचीच कथा थोडक्यात दाखवली, की लोक चिडतात तेव्हा मी चिडत नाही. कुणीतरी झोपलं असेल, असं मनात म्हणते.

माझा मुलगा या भानगडीत पडत नाही. त्याचं तत्त्व एकच: सगळे भाग आले की पाहायचं. फ्रीरेनचे पहिले अठ्ठावीस भाग त्याने एका शनिवार-रविवारात संपवले. सगळे मिळून होतात जेमतेम सव्वाअकरा तास. माझे त्यावर सहा महिने गेले होते, सप्टेंबर २०२३च्या अखेरपासून मार्चपर्यंत. “छान आहे,” तो म्हणाला आणि फ्रीजकडे गेला. दिवाळीचा फराळ वसुबारसेलाच संपवून टाकणाऱ्यांतला तो आहे. हजार वर्षं जगणाऱ्या बाईची गोष्ट, जिला दहा वर्षं म्हणजे चुटकी वाटते, ती याने अकरा तासांत गिळली! त्या गोष्टीत ऋतू बदलतात, पोरगी वाढते, एका गावात थांबले तर सहा महिने जातात. हे पाहताना आपलेही शुक्रवार मध्ये पडायला हवेत. पहिल्या भागाला पंख्याखाली बसलेली मी, परीक्षेच्या भागांना शाल घेऊन बसले होते. हिमेलचा एखादा विनोद तिला पन्नास वर्षांनी कळतो, तसा मला निदान मंगळवारी कळायचा.

माझ्या पिढीला आठवडाभर थांबायचं शिक्षण दूरदर्शननेच दिलं आहे. रविवारी सकाळी मोगली लागायचा. तो निप्पॉन ॲनिमेशनने जपानमध्ये बनवला होता हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. तो आपलाच होता, सिवनीच्या जंगलातला, नागपूरहून फार लांब नव्हे. एक रविवार वीज गेली की तो भाग गेला. पुन्हा पाहण्याची सोय नाही, कुणी सांगेल तेवढीच गोष्ट. जपानमध्ये अजूनही रविवारी संध्याकाळी साडेसहाला ‘साझाए-सान’ लागते, १९६९च्या ऑक्टोबरपासून. तिच्यातलं कुणीच मोठं होत नाही. ती संपली की उद्या सोमवार हे आठवून मोठ्या माणसांच्या पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्याला तिकडे तिच्याच नावाने ओळखतात. कुठल्याही मालिकेला याहून मोठा पुरस्कार मिळाला असेल असं मला वाटत नाही.

तर सध्याचं मत असं: दुसरा हंगाम पहिल्याइतकाच संथ आहे आणि त्यामुळेच चांगला आहे. हे पुढच्या शुक्रवारपर्यंत धरून चालायला हरकत नाही.

राहता राहिली मूळ मांगा, म्हणजे छापील चित्रकथा, वाचलेली मंडळी. ती कथा २०२०मध्येच छापून यायला लागली, त्यामुळे पुढे काय होणार हे यांना ठाऊक असतं. हे लोक काही सांगत नाहीत. आपण एखाद्या पात्राबद्दल जिव्हाळ्याने बोलायला लागलो की नुसते हसतात, आणि “बघ, बघ,” म्हणतात. त्या हसण्यानेच माझे दोन शुक्रवार वाया गेले आहेत. त्यांना हात जोडून विनंती आहे: हसू नका, भुवई उचलू नका, माझ्यासमोर चेहरा कोरा ठेवा. आणि सासूबाईंना तर काहीच सांगू नका. त्यांना आता फर्न आणि स्टार्कचं जमतं की नाही ते जाणून घ्यायचं आहे, आणि कळलं की त्या जाहिरात लागायचीही वाट पाहणार नाहीत.