कागदोपत्री भक्कम

विरार पोलिसांनी 2023 साली एक धंदा उघडकीला आणला. धंदा इमारती उभ्या करण्याचाच, पण त्यात ना सिमेंट होते ना सळई. सापडले ते शंभरावर रबरी शिक्के, सरकारी कार्यालयांची लेटरहेड आणि त्यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या 55 इमारतींचे कागद. महापालिका, सिडको, जिल्हाधिकारी, म्हणाल तो शिक्का हजर. ‘एक खिडकी योजना’ सरकारला इतक्या वर्षांत जमली नाही. इथे ती कुणीतरी रबर आणि शाईत करून दाखवली.

त्यात सिडको कशाला, असा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडेल. वसई-विरारचे नियोजन 1990 पासून सिडकोकडे होते. महापालिका झाली 3 जुलै 2009 ला, चार नगरपरिषदा आणि पन्नासावर ग्रामपंचायती एकत्र करून. त्यामुळे एकाच परिसरात परवानगीचा कागद कधी ग्रामपंचायतीचा, कधी सिडकोचा, तर कधी पालिकेचा. जुनी तारीख घातली की साहेबही जुने, आणि जुन्या साहेबांचे रेकॉर्ड मागितले की शोधणाऱ्याची पंचाईत. बनावट कागद करणाऱ्याला स्थानिक इतिहासाचा एवढा अभ्यास लागतो, आणि आपल्याकडे म्हणतात की इतिहास घेऊन पोट भरत नाही.

असे कागद चालून जातात, कारण जो तो आधीच्याच्या भरवशावर सही करतो. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क आणि ओळख पाहतात. मालकी खणून काढणे त्यांचे काम नव्हे. महारेरा हे गृहप्रकल्पांचे नियामक प्राधिकरण पाहायचे की कागद अपलोड झाले का. बँक रेरा नंबर पाहते. गिऱ्हाईक बँकेचे कर्ज मंजूर झालेले पाहते आणि पेढे वाटते. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवली होती. त्या पाडा, असे उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले. महारेरा आता बांधकाम परवानगीची, म्हणजे सीसीची, खातरजमा थेट पालिकेच्या ईमेलवरून करते. शिक्के कोरणाऱ्यांच्या पोटावर पाय आला तो असा.

या फाइलीतला सर्वांत देखणा कागद वकिलाचा. टायटल सर्च रिपोर्ट! तीस वर्षांचा सर्च, फेरफारांची वंशावळ, कुठल्या काकांचे नाव सातबाऱ्यावरून कधी कमी झाले, कुठल्या आत्याने हक्कसोड कधी दिली, सगळे साग्रसंगीत. शेवटी ठसठशीत निर्वाळा: टायटल ‘क्लिअर अँड मार्केटेबल’. त्याच्या थोडी वर एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. ‘माझ्यासमोर सादर केलेल्या कागदपत्रांवरून.’ सादर कोणी केले? बिल्डरने. फी कोणी दिली? त्यानेच. आणि रिपोर्टवर विसंबून घर कोणी घेतले? ज्याने वकिलाचे तोंडही पाहिलेले नाही त्याने. अख्ख्या प्रकल्पात भक्कम बांधकाम म्हणावे असे कुठे असेल तर ते या एका ओळीचे. इमारतीचे काहीही होवो, या ओळीखाली वकीलसाहेब सुखरूप असतात.

फ्लॅट झेपत नाही त्याच्यासाठी चाळीतली खोली आणि नोटरी. स्टॅम्प पेपर पूर्वी शंभराचा, 2024 पासून पाचशेचा, वर लाल सील. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. सही कुणाची एवढे नोटरी सांगतो. खोली कुणाची हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

मग कधीतरी पालिकेला जाग येते आणि महापालिका अधिनियमाच्या कलम 260 ची नोटीस निघते. बिल्डरच्या वकिलाचा खरा हंगाम इथून सुरू. दिवाणी न्यायालयात तातडीचा अर्ज पडतो आणि सगळे जमून आले तर हुकूम मिळतो ‘जैसे थे’चा. जैसे थे म्हणजे बांधकामानेही जागच्या जागी थांबायचे, हा भाग मिस्त्रीपर्यंत काही पोहोचत नाही. पालिकेचे म्हणणे दाखल होईतो दुसऱ्या मजल्याचा चौथा होतो, आणि पुढच्या तारखेला युक्तिवाद बदलतो: साहेब, आता इथे बायका-मुलांसह कुटुंबे राहतात. या कुटुंबांची आठवण बिल्डरला नेमकी तारखेच्या आदल्या दिवशी होते.

कुटुंबे मात्र खरी असतात. नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात 41 इमारती उभ्या होत्या. त्यांच्या जागेत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित जमीनही होती. उच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्या पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि फेब्रुवारी 2025 पर्यंत सगळ्या जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. जमीन विकणारे आणि इमारती बांधणारे तोवर पैसे मोजून मोकळे झाले होते.

मे 2025 मध्ये ईडीने याच प्रकरणात छापे घातले, तेव्हा सुमारे 9 कोटींची रोकड आणि 23 कोटींवर किमतीचे दागिने-सोने हाती लागले. ऑगस्टमध्ये महापालिकेच्या माजी आयुक्तांना अटक झाली, आणि ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली. आरोपांचा निकाल ही पुढची गोष्ट. पण दोन महिन्यांत अटक बेकायदा ठरवून आणणारा वकील आणि पंधरा वर्षे उभी असलेली इमारत बेकायदा आहे हे घर घेताना सांगणारा वकील, यांतला दुसरा वसई-विरारात फारसा कुणाला भेटत नाही.

26 ऑगस्ट 2025 च्या रात्री विरार पूर्वेला विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि 17 माणसे गेली. ती इमारतही अनधिकृतच होती. त्यावर विनोद करवत नाही.

पालिकेपुरते बोलायचे तर कायद्याने तिची छान सोय लावून दिलेली आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ नुसार बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावता येते. शास्ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हेही कायद्यात आहेच. बांधकाम बेकायदा, पण पावती अस्सल, शिक्काही अस्सल. रहिवासी ती पावती जपून फाइलला लावतो, आणि फ्लॅट विकायला काढला की दलाल सर्वांत आधी तीच दाखवतो.