तयार शोधनिबंध विकणाऱ्यांना वालूरहून खुले पत्र

प्रकल्प आणि शोधनिबंध तयार करून विकणारे गृहस्थहो,

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तुम्ही असता, व्हॉट्सॲपच्या गटांवर ‘प्रोजेक्ट करून मिळेल’ ही जाहिरात तुमचीच असते. विषय सांगा, पैसे मोजा, दोन दिवसांनी बांधलेली प्रत घेऊन जा. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी असतं. शेवटी दोन पानं भरून संदर्भसूची. हे पत्र त्या शेवटच्या दोन पानांबद्दल आहे.

उदाहरण आमच्या गावाचंच घेतो. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. अशी रचना फार थोड्या ठिकाणी दिसते. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती स्वच्छ केली, तेव्हापासून लांबलांबचे लोक ती पाहायला येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत संशोधन प्रकल्प आले. त्यामुळे आसपासच्या मुलामुलींना हा विषय घ्यावासा वाटतो. तो विषय तुमच्याकडे आला की काय होतं? चार संकेतस्थळांवरचा मजकूर तुम्ही उचलता. त्या चौघांनी तो एकमेकांचाच उचललेला असतो. मग बारवेला एखादं शतक बहाल करता. कोणत्या शिलालेखावरून? कुणी घेतलेल्या मोजमापावरून? याचं उत्तर द्यावं लागू नये म्हणून सूचीत पाच जाडजूड ग्रंथांची नावं घालता. त्यांतला एकही तुम्ही उघडलेला नसतो. पृष्ठ क्रमांकसुद्धा अंदाजाने टाकता.

या विषयाचे खरे संदर्भ कुठे आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे का? परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. म्हणजे इथल्या गावांचे जुने सरकारी कागद शोधायचे तर पुण्या-मुंबईइतकंच हैदराबादकडे पाहावं लागतं, आणि त्यांतले पुष्कळ फारसीत आणि उर्दूत आहेत. संस्थानाचं पुरातत्त्व खातं 1914 साली सुरू झालं. गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक. त्या खात्याचे वार्षिक अहवाल छापलेले आहेत. परभणी जिल्ह्याचं गॅझेटिअर 1967 साली निघालं. मराठीतले जुने शिलालेख पाहायचे तर शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा 1963 चा ग्रंथ आहे. हे सगळं पाहून ‘वालूरचा उल्लेख मिळाला नाही’ असं एक वाक्य एखाद्या मुलीने लिहिलं, तरी ते तुमच्या शंभर पानांपेक्षा मोलाचं आहे. कारण ते खरं आहे, आणि पुढच्या माणसाची तेवढी पायपीट वाचवणारं आहे.

संदर्भ द्यायचा तो परीक्षकाच्या डोळ्यांत भरण्यासाठी नव्हे. हे विधान मी कुठून घेतलं, तुम्हीही जाऊन पाहा, असं वाचकाला सांगण्यासाठी तो असतो. लेखक, वर्ष, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, गाव, पृष्ठ. ऑनलाइन मजकूर असेल तर त्याचा पूर्ण पत्ता आणि तो पाहिल्याची तारीख. मूळ ग्रंथ मिळाला नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात त्याचा उतारा वाचला, तर त्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव द्यायचं आणि ‘उद्धृत’ असं स्पष्ट लिहायचं. खोटा संदर्भ म्हणजे बारवेच्या अंधारात नसलेली पायरी. तुमच्यावर विश्वास ठेवून जो पाय टाकतो, तो पडतो.

आता तुमच्या हाती कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. प्रश्न टाकला की ती लेखकाचं नाव, नियतकालिक, अंक, पृष्ठ यांसह संदर्भ देते, आणि अनेकदा तसा लेख जगात कुठेच नसतो. 2023 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले दाखले म्हणून सादर केले. न्यायालयाने त्यांना 5,000 डॉलरचा दंड केला. वकिलांना दंड झाला, कारण कुणीतरी ते दाखले तपासले. तुमचा धंदा कुणी तपासत नाही यावरच उभा आहे.

नियम नाहीत असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याविरुद्ध विनियम केले. शोधप्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांच्या वर गेलं तर सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारून द्यावं लागतं, 40 च्या वर गेलं तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. त्यावर तुम्ही ‘साम्य कमी करून मिळेल’ ही नवी सेवा काढलीत! शब्द फिरवायचे, वाक्यं उलटसुलट करायची, आकडा खाली आणायचा. साम्य मोजणारी प्रणाली शब्द जुळवून पाहते. तुम्ही नाव दिलेला ग्रंथ तुम्ही वाचला का, हे ती विचारत नाही.

तुमचे भागीदार म्हणजे पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं. 2018 च्या मे महिन्यात आयोगाने मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली. 2019 साली त्या यादीच्या जागी ‘केअर’ यादी आली, ती 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली. आता चांगलं नियतकालिक ओळखण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर आणि शिक्षकांवर आहे. ही मोकळीक तुम्हाला पर्वणी वाटत असेल, तर आमच्या मुलांना सावध करणं आमचं काम आहे.

‘खेड्यातल्या पोरांना पुस्तकं कुठे मिळतात?’ ही तुमची सबब मी ऐकली आहे. ती खोटी आहे. देशभरातले लाखो शोधप्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात, त्यांत नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचेही आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. जिल्हा गॅझेटिअर ऑनलाइन आहेत. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. विकिपीडियाचा लेख मिळाला तर तळाच्या टिपा पाहाव्यात आणि तिथून मूळ ग्रंथाकडे जावं. पुस्तक सापडेना, तर ग्रंथपालांना विचारावं. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 मधल्या मराठी ग्रंथांची सूची 1944 साली प्रसिद्ध केली, आणि 1961 साली 1950 पर्यंतचा दुसरा भाग. तेव्हा संगणक नव्हता. एकेक पुस्तक नोंदवून त्यांनी ती केली, पुढच्या अभ्यासकाला वाट सापडावी म्हणून. त्याच भाषेत तुम्ही नसलेल्या पुस्तकांच्या सूच्या विकता.

सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. वालूरची मुलगी टेप घेऊन बारवेत उतरली, पायऱ्या मोजल्या, आराखडा काढला, जुन्या माणसांकडून पाण्याची आठवण टिपून घेतली, तर ती नवा संदर्भ निर्माण करते. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, मुलाखतीची तारीख आणि त्याची परवानगी, एवढं तिने नोंदवलं की उद्या दुसरा कुणी तिचा प्रकल्प संदर्भ म्हणून वापरू शकतो. गावाबद्दल लिहिणारी ती पहिली असू शकते. तिच्याकडून पैसे घेऊन तुम्ही ही संधीच काढून घेता आणि बदल्यात दुसऱ्याचं उष्टं तिच्या नावावर चढवता.

म्हणून हा धंदा बंद करा. लिहिता येतं, टंकन येतं, बांधणी येते, तर मुलांना त्यांचं स्वतःचं लिखाण टंकून द्या, त्याचे पैसे घ्या. ती कष्टाची कमाई आहे.

प्राध्यापकांना एकच विनंती. तोंडी परीक्षेला सूचीतल्या कोणत्याही एका नावावर बोट ठेवा आणि विचारा, ‘हे पुस्तक तू कुठे पाहिलंस, आणि त्यातलं काय घेतलंस?’ विद्यार्थ्यांनो, या प्रश्नाचं उत्तर देता येईल असेच संदर्भ लिहा. पाचच असले तरी चालतील, पण वाचलेले असू द्या.

वालूरचा एक वाचक